पेणचा कॅमेरा, रोह्याचा मोबाइल

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि विश्रांतीसाठी ते माझ्याकडे रोह्याला आले, ते ऐन ज्येष्ठात. पेणच्या गणपतीच्या कारखानदाराला ज्येष्ठ-आषाढात झोपवून ठेवणं म्हणजे काय, हे पेणकरांना सांगायला नको. कच्च्या मूर्ती मांडण्यांवर चढलेल्या, रंगकाम जोरात, मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांचे टेम्पो दाराशी लागायच्या बेतात, आणि मालक भिसे खिंडीच्या अलीकडे पाय उशीवर ठेवून पडलेला. धाकटा भाऊ तिकडे सांभाळत होता आणि चांगलं सांभाळत होता. पण फोनवरच्या खुशालीने बाबांचं समाधान होईना. "आखणीला कोण बसलंय ते मला दिसलं पाहिजे," एवढंच ते धरून बसले. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे. बाकी मूर्ती दहा हातांतून जाते, पण आखणीचा हात ठरलेला असतो. तो बदलला तर जुन्या गिऱ्हाइकाला दारातूनच कळतं.

शेडमध्ये कॅमेरे होतेच. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, आमच्या शेडचे पत्रे उडाले होते. त्यानंतर रात्री पावसाचा जोर वाढला की घरातूनच शेड दिसावी म्हणून बाबांनी ते बसवून घेतले. ऑफिस म्हणतो त्या खोलीत कपाटावर कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, शेजारी टॅलीचा संगणक आणि भिंतीवर इंटरनेटवाल्यांनी ठोकलेला पांढरा डबा, म्हणजे राऊटर. प्लास्टर घासल्याची भुकटी त्या डब्याच्या जाळीत इतकी बसलेली, की खालचा स्टिकर ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय पासवर्ड वाचता आला नसता.

कॅमेरे बसवणाऱ्याने मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून एक ॲप चालू करून दिलं होतं. त्यातलं चित्र कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून यायचं, आणि ऐन वेळी गोल गोल फिरत राहायचं. शिवाय टॅलीचा संगणक त्यातून दिसणार नव्हता. मी रोह्याजवळ धाटावच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे आणि माहेरचा हिशेबही माझ्याकडेच असतो. जीएसटीच्या तारखा जवळ आल्या की रोह्याहून पेणला मेमू गाठायची किंवा एसटीने नागोठणे-वडखळ करत जायचं, हे नेहमीचंच. म्हणून मी ठरवलं, की कॅमेरा आणि संगणक दोन्ही रोह्यातून थेट उघडतील असंच काहीतरी करायचं. डीव्हीआरच्या पुस्तिकेत त्यासाठी दोन ओळी होत्या: राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरचा आयपी ॲपमध्ये टाका.

कल्पना सोपी आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक आतला पत्ता, म्हणजे आयपी, देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते १९९४ पासून खाजगी वापरासाठी राखलेले आहेत आणि लाखो घरांत तेच ते असतात. बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त राऊटरचा पत्ता. आतून कोणी काही मागितलं तर उत्तर कुणाला द्यायचं हे राऊटर टिपून ठेवतो. पण बाहेरून कोणी न सांगता आलं, तर त्याला आत कुणाकडे धाडायचं हे त्याला ठाऊक नसतं, आणि तो सरळ दुर्लक्ष करतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला आधीच बजावून ठेवायचं, की ३७७७७ या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, जे येईल ते डीव्हीआरकडे दे. आमच्या डीव्हीआरचा पोर्ट ३७७७७ होता. दुसऱ्या काही कंपन्यांचा ८००० असतो.

मग आमचं फोनवरचं काम सुरू झालं. भाऊ पेणला संगणकासमोर, मी रोह्याला मोबाइल घेऊन, आणि पलंगावरून बाबांचे प्रश्न. आधी डीव्हीआरचा आतला पत्ता पक्का करून घेतला, १९२.१६८.१.५०. हे न करता पुढे जाण्यात अर्थ नसतो, कारण पावसाळ्यात लाइट गेली-आली की राऊटर नवे पत्ते वाटतो आणि आपला नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवत राहतो. मग भावाने राऊटरच्या पानावर नियम भरला आणि सेव्ह केला.

"ताई, सक्सेस आलं."

"इकडे काहीच नाही."

"अगं, हिरवी टिक दिसतेय मला."

ती हिरवी टिक फार फसवी असते. राऊटर एवढंच सांगत असतो, की तुमचा नियम मी लिहून घेतला. बाहेरून कोणी दारापर्यंत पोचतंय का, याच्याशी त्या टिकेचा काही संबंध नसतो. डीव्हीआरमध्ये यूपीएनपी नावाची सोय असते, ती राऊटरला स्वतःच सांगून पोर्ट उघडून घेते. तिथेही तसंच 'सक्सेस' आलं.

पुढची अडचण चाचणीचीच. भाऊ शेडमधल्या वाय-फायवरूनच बाहेरचा आयपी टाकून बघत होता. पुष्कळ राऊटरना आतून निघून बाहेरच्या पत्त्याने परत आत येणं जमत नाही, त्यामुळे सगळं बरोबर असलं तरी पान उघडत नाही. पोर्ट तपासायचा तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून, नाहीतर दुसऱ्या गावातून. दुसरं गाव आमच्याकडे तयारच होतं.

मग लक्ष गेलं शेडच्या दुसऱ्या टोकाकडे. आखणीच्या बाकांपाशी वाय-फाय पोचत नाही म्हणून भावाने एक काळा राऊटर आणून पांढऱ्या डब्याला जोडला होता, आणि त्याचं स्वतःचं वेगळं जाळं चालू होतं. संगणक काळ्याच्या मागे, काळा पांढऱ्याच्या मागे. एकामागे एक दोन दारं असली की एकच उघडून भागत नाही. काळ्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे तो नुसतं वाय-फाय पसरवील आणि पत्ते वाटायचं काम पांढराच करील. शेडमधली सगळी यंत्रं एका जाळ्यात आली. बाहेरून मात्र अजून ठणठणाट.

त्यातच आणखी एक प्रकार. रात्री भरलेला नियम सकाळी गायब. हे डबे इंटरनेट देणाऱ्याच्याच मालकीचे असतात आणि त्यांच्यावर लांबून हुकूम चालवायची सोय असते, टीआर-०६९ नावाची. डबा चालू झाला की तो आपल्या धन्याला विचारतो, आणि धन्याकडची सेटिंग्ज पुन्हा चढू शकतात. आमच्याकडे तसंच होत होतं. आपल्या भिंतीवर, आपल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रात आपण लिहिलेलं आपल्याला न विचारता पुसलं जातं, हे मला आजही पटत नाही.

बाबा म्हणाले, "यापेक्षा पूर्वीचा गुरखा बरा होता. हाक मारली की ओ द्यायचा."

खरा उलगडा झाला तो डब्याच्या स्टेटसच्या पानावर. तिथे वॅन नावाची एक ओळ असते. डब्याला इंटरनेटवाल्यांकडून मिळालेला पत्ता तिथे दिसतो. मी भावाला तो वाचायला सांगितला.

"शंभर, टिंब, त्र्याहत्तर..."

"थांब. आता त्याच संगणकावर गूगलमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' टाक. काय दिसतं?"

"एकशे तीन, टिंब..."

दोन आकडे वेगळे. डब्याला स्वतःचा वाटतो तो पत्ता एक, आणि जगाला आमचा म्हणून दिसतो तो दुसरा. म्हणजे आमच्या डब्याच्या पलीकडे, इंटरनेटवाल्यांच्या जागेत, आणखी एक मोठा राऊटर बसलेला होता, आणि बाहेरचा खरा पत्ता त्याचा होता. आम्ही आमच्या घरातली दारं सताड उघडत होतो आणि कुलूप होतं भलतीकडेच. संगणकावर वाटेतले टप्पे दाखवणारं ट्रेसराऊट चालवलं तेव्हा आमच्या डब्यानंतरचे टप्पेही खाजगी पत्त्यांचेच निघाले. शंकेला जागा उरली नाही.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी बाजूला काढून ठेवला गेला. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. आमच्या धाटावच्या कारखान्यात टेलिफोनचा जो बोर्ड आहे, तसंच हे आहे. माझ्या टेबलावरून शून्य दाबून मी जगात कुठेही फोन लावू शकते, आणि समोरच्याला दिसतो तो कंपनीचा नंबर. पण बाहेरच्याला थेट माझं टेबल लागत नाही. ऑपरेटरने जोडून दिलं तरच लागतं. सीजीनॅटमध्ये ऑपरेटर असतो, पण तो तुमचं ऐकायला बांधील नसतो. एका बाहेरच्या पत्त्याला पोर्ट असतात पासष्ट हजारांच्या घरात, आणि ते अनेक घरांमध्ये वाटलेले असतात. त्यातला ३७७७७ नेमका आमच्या शेडला कोण देणार? बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव जोडून देणारं डायनॅमिक डीएनएसही इथे उपयोगाचं नाही. ते नाव इमानदारीत त्या सामायिक पत्त्याकडेच नेऊन सोडतं.

हे असं का झालं, याचं उत्तर त्या १०३ मध्येच आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. त्यांपैकी पुष्कळसे इंटरनेट बाळसं धरत होतं तेव्हाच अमेरिकेतल्या कंपन्या, विद्यापीठं आणि सरकारी खाती घेऊन बसली. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागीय संस्थांना एकेक करून वाटले गेले. आशिया-पॅसिफिकच्या एपनिकच्या वाट्याला जो गठ्ठा आला तो १०३ चा. पावणेदोन कोटींहून थोडे कमी पत्ते, आणि त्यावर आपल्यासकट सगळा पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकची बेटं. म्हणून त्याच वर्षीच्या एप्रिलपासून रेशनिंग सुरू झालं. एका सभासदाला त्यातून जास्तीत जास्त १०२४ पत्ते, आणि २०१९ पासून ५१२. आपल्याकडे तालुक्या-तालुक्यांत फायबर पोचलं ते हे सगळं झाल्यावर. हजारो गिऱ्हाइकं असलेल्या छोट्या कंपनीने पाचशे-हजार पत्त्यांत काय करायचं? वाटून द्यायचे. त्यात लबाडी नाही, हे मी आधीच मान्य करते.

माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. मी कस्टमर केअरला फोन लावला. राऊटर बंद करून चालू करा. केला. लॅनची वायर काढून लावा. लावली. डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागलाय का? नाही. मग मी सरळ विचारलं, की आमची जोडणी सीजीनॅटमागे आहे का. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, आमच्याकडून सगळे पोर्ट ओपन आहेत." हे वाक्य मी वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं. ते बिचारे समोरच्या पडद्यावरचं वाचून दाखवत असणार. पण त्या वाक्यावर विश्वास ठेवून माणूस आपलाच डीव्हीआर नादुरुस्त समजतो आणि नवा घेऊन येतो. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने घेतलाही.

खरं सांगितलं ते लाइनमनने. तो गल्लीतल्या खांबावर शिडी लावून तुटलेली फायबर जोडत होता, तेव्हा भावाने त्याला शेडमध्ये चहाला बोलावलं. त्याने मोबाइलवर त्याच्या ॲपमध्ये आमचा नंबर टाकला आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला प्रायव्हेट आयपी आहे. पोर्ट कितीही उघडा, बाहेरून नाही येणार. पब्लिक पाहिजे तर ऑफिसला सांगा, बिझनेस प्लॅन लागेल." एवढं वाक्य कस्टमर केअरच्या पडद्यावर का लिहून ठेवत नाहीत?

ऑफिसला विचारलं. बिझनेस प्लॅन घ्या, वर स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे, तेही वर्षाचे आगाऊ. हिशेब माझ्याच हातात असल्याने मी आकडे मांडून बघितले. आमच्यासारख्या हंगामी धंद्याला ते परवडणारे नव्हते. आयपीव्ही६ चा विचारही केला. जिओ आल्यापासून, म्हणजे २०१६ नंतर, आपल्या देशात मोबाइलवर आयपीव्ही६ झपाट्याने पसरलं, आणि त्यात पत्त्यांची टंचाई हा प्रकारच नाही. रोह्यात माझ्या मोबाइलला तो पत्ता होता, पेणच्या डब्यालाही होता. जुन्या डीव्हीआरला मात्र त्याचा गंध नव्हता.

इथे मला थांबून एक बोललं पाहिजे. पैसे असते तरी मी डीव्हीआरचा पोर्ट जगाला उघडा ठेवला असता का? आता नाही ठेवणार. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने नेमके असेच उघडे कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर शोधून शोधून ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या होत्या, ॲडमिन-ॲडमिन थाटाच्या, तेवढ्यावर त्याचं काम भागलं. २१ ऑक्टोबर २०१६ ला असल्या यंत्रांच्या फौजेने डाइन या डीएनएस पुरवणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन् तास डळमळल्या. आपल्याकडच्या किती डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच आहे, हे एकदा शेजारीपाजारी विचारून बघा. आणि टॅलीच्या संगणकाचं रिमोट डेस्कटॉप, पोर्ट ३३८९, इंटरनेटवर उघडं ठेवणं म्हणजे दुकानाची तिजोरी रस्त्यावर आणून ठेवण्यापैकी. सीजीनॅटमुळे आमचा खोळंबा झाला खरा, पण त्याच्यामुळे बरेच अडाणी डीव्हीआर वाचलेतही.

मार्ग निघाला तो आमच्या कारखान्यातल्या आयटी विभागातल्या सहकाऱ्यामुळे. तो म्हणाला, बाहेरून आत येता येत नाही ना, मग आतून बाहेर या. एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला, ज्याला स्वतःचा पब्लिक पत्ता आहे. पेणच्या ऑफिसात पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून वायरगार्ड बसवलं. वायरगार्ड, म्हणजे दोन यंत्रांमध्ये बंद बोगदा काढून देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आणि मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलेलं आहे. लॅपटॉप पेणहून त्या सर्व्हरला जोडून घेतो, माझा मोबाइल रोह्याहून जोडून घेतो, आणि दोघांची गाठ तिथे पडते. कुठल्याही डब्यात एकही पोर्ट उघडावा लागत नाही. टेलस्केलसारख्या सेवा हेच काम आणखी सोपं करून देतात, सर्व्हर भाड्याने घ्यायचीही गरज नसते. मला कुणाच्या खात्यावर अवलंबून राहायचं नव्हतं, एवढंच.

दोन बारकावे मात्र लिहून ठेवते, कारण ते सहज कुणी सांगत नाही. लॅपटॉप गप्प बसला तर सीजीनॅट थोड्या वेळाने ती वाट विसरतो. म्हणून वायरगार्डमध्ये परसिस्टंट कीपअलाइव्ह २५ ठेवायचं, म्हणजे दर पंचवीस सेकंदांनी लॅपटॉप सर्व्हरला एक हाक घालतो. दुसरं म्हणजे, जोडणी झाल्यावर डीव्हीआरचं लॉगिनचं पान उघडायचं, मेनू दिसायचा, पण कॅमेऱ्याच्या चौकटी काळ्या. लहान पाकिटं जात होती, मोठी मधेच अडत होती. एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १२८० केला आणि चारही चौकटी एकदम उजळल्या.

बाबांनी मोबाइल हातात घेतला आणि दोन बोटांनी आखणीचं बाक मोठं केलं. पाठमोरा कारागीर, समोर दीड फुटी मूर्ती, डाव्या हाताच्या टेकूवर उजवा हात. तोंड दिसत नव्हतं. बाबांनी कोपराची ठेवण बघितली आणि माणसाचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "त्याला सांग, ट्यूबलाइट डोक्यामागे घेऊ नको, सावली पडतेय." भावाने तिकडे ट्यूब सरकवली ती आम्हाला इकडे दिसली. टॅलीही त्याच वाटेने उघडतं. रिमोट डेस्कटॉप आता फक्त त्या बोगद्याच्या आत चालतो. लाइट गेली, डबा पुन्हा चालू झाला, त्याला नवा १०० चा पत्ता मिळाला तरी आमचं काही अडत नाही, कारण हाक घालायची ती पेणनेच. डबा आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले आहेत.

इंटरनेटची नवी जोडणी घेणार असाल आणि पुढेमागे दुकान, बागायत, गोठा किंवा गावाकडचं बंद घर लांबून बघायचा विचार असेल, तर स्पीड आणि ओटीटीच्या याद्या वाचण्याआधी इंटरनेटवाल्यांना विचारा, की पत्ता पब्लिक मिळणार की प्रायव्हेट. पब्लिक हवा असेल तर साध्या प्लॅनवर देतात का आणि किती पैशांत, हे विचारा. त्यांचा डबा ब्रिज मोडवर टाकून आपला राऊटर लावू देतील का, तेही विचारा. जोडणी आधीच असेल तर डब्याच्या स्टेटसच्या पानावरचा वॅनचा आकडा आणि गूगलवर दिसणारा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखे नसतील तर डीव्हीआर बदलू नका, त्यात काही बिघडलेलं नाही. आणि इंटरनेटवाल्यांचं उत्तर तोंडी घेऊ नका. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून मागा.